मागच्या रांगेतली नावं

संस्थेचा इतिहास संस्थापकांच्या नावांनी सुरू व्हावा, असा स्मरणिकांचा रिवाज आहे. ती यादी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापली आहे, मंडळाचं नाव मुखपृष्ठावर आहे आणि देणगीदार जाहिरातींच्या पानांवर भेटतीलच. म्हणून इथे ती नावं पुन्हा न देता मंडळ कशातून जन्माला आलं ते आधी सांगतो. ते भांडणातून जन्माला आलं.

काळ १९८२ नंतरचा. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मागे घेतल्याचं शेवटपर्यंत कुणी जाहीर केलंच नाही. लालबाग-परळच्या चाळींत उमेदीची वर्षं काढलेले आपल्या गावचे बाप्ये ट्रंका घेऊन परत आले. त्यांच्याबरोबर पैसा फारसा आला नाही, पण तयार कान आले. परळच्या दामोदर हॉलमध्ये रात्र रात्र जागून डबलबाऱ्या ऐकलेली ही माणसं. गावच्या देवळातलं एकादशीचं भजन ऐकताना ती मान हलवीत, पण पेटी बेसूर झाली की एकमेकांकडे बघत. त्यांच्या त्या बघण्याचा गावातल्या भजनी मंडळींना किती राग येई, हे आज ऐंशी ओलांडलेल्या सभासदांना विचारा.

ज्या नातवंडांनी डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. समोरासमोर किंवा शेजारी शेजारी दोन बैठका. प्रत्येक बैठकीत मध्ये पेटी घेऊन बुवा, एका अंगाला पखवाज, दुसऱ्या अंगाला चकी म्हणजे झांज, मागे कोरस. एक बुवा नमन, अभंग, गौळण करत गजरापर्यंत येतो आणि आपली बारी संपवतो. मग दुसरा उत्तराला बसतो. उत्तर कधी पुराणातल्या प्रश्नाला असतं, कधी चालीला, तर कधी निव्वळ टोमण्याला. फलकावर याला ‘जंगी सामना’ म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. निकाल मात्र बहुधा कुणी देत नाही. तो माटवातून घरी परतणारी माणसं वाटेत लावतात आणि पुढचा सामना ठरेपर्यंत लावतच राहतात.

आपल्या गावात असा निकाल लावता लावता वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात बोलणं बंद व्हायची वेळ आली. चंद्रकांत कदम, परशुराम पांचाळ, काशीराम परब, विलास पाटील या बुवांची नावं कॅसेटच्या त्या जमान्यात घराघरांत होती. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत, होडीवर जाळी विणत बसलेल्यांच्या टेपरेकॉर्डरवर तीच वाजत. प्रत्येकाचा एक बुवा ठरलेला असे. तो बदलणं म्हणजे पक्ष बदलण्याइतकं गंभीर. एका वाडीचा बुवा दुसऱ्या वाडीला चालत नसे आणि दोघांना एकाच रात्री बोलवावं तर पहिली बारी कोणाची यावरून नारळ हातात धरूनच माणसं भांडत. वार्षिकाच्या बैठकीत असंच एकदा पेटलं. बुवांच्या गळ्याची, पाठांतराची, गजरातल्या चढाओढीची उजळणी झाली. तेव्हा मुंबईत गिरणीत साचेवाला असलेल्या एका म्हाताऱ्याने कोपऱ्यातून विचारलं, “बुवा कोण, ता शेंबड्या पोरांकय म्हाईत आसा. पखवाजार कोण होतो, ता सांगा बघूया.”

कुणाला सांगता येईना. दोन्ही वाड्यांना नाही. त्याच बैठकीत ठरलं की आपण कुणा एका बुवाचे भक्त म्हणून एकत्र यायचं नाही, वाजवणाऱ्यांचे म्हणून यायचं. भांडण तिथे मिटलं असं नाही. ते अजून चालू आहे आणि ते चालू राहणं मंडळाच्या प्रकृतीला मानवतं. पण एकत्र बसायला जागा मिळाली.

पहिला ठराव फलकाचा होता. सामन्याच्या फलकावर बुवांचं नाव जेवढ्या अक्षरात, तेवढ्याच अक्षरात पखवाजवाल्याचं आणि चकीवाल्याचं. पेंटर वैतागला. एवढी नावं लिहायची तर देवीचं चित्र कुठे काढू, असं त्याचं म्हणणं. चित्र लहान झालं, नावं राहिली. काही बुवांना हे रुचलं नाही. त्यांचा फोटो हातभर लांब छापायची सवय होती, ती मोडली. दुसरा ठराव जास्त झोंबला. मानधन एकाच पाकिटात बुवांच्या हाती न देता साथीदारांची पाकिटं वेगळी करून प्रत्येकाच्या हाती द्यायची. यावरून एकदोन बुवांनी आपल्या गावाला पुढली काही वर्षं नकार दिला. बाकीच्यांनी मात्र, ‘बरं झालं, वाटणीची कटकट गेली’, म्हणून पाठ थोपटली. मंडळाने आजवर घेतलेल्या निर्णयांत हा सगळ्यांत शहाणपणाचा होता, असं माझं मत आहे. देऊळ रंगवलं, मंच बांधला, ध्वनियंत्रणा घेतली ही कामं गावोगाव झाली आहेत.

साथीदाराची ही कदर आपण काही नव्याने शोधून काढलेली नाही. आपला जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, पण गाण्याबजावण्याचा वारसा त्याहून पुष्कळ जुना. ग्वाल्हेर गायकीचे थोर गवई रामकृष्णबुवा वझे यांचा जन्म १८७१ सालचा, सावंतवाडी संस्थानातला. लहान वयात त्यांना पहिले धडे मिळाले ते आपल्या मालवणात, बळवंतराव पोहरे आणि विठोबाअण्णा हडप यांच्याकडे. पुढे ते पोर घर सोडून, हाल सोसत ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँसाहेबांच्या पायाशी पोहोचलं. परत आल्यावर नाटक कंपन्यांना त्यांनी दिलेल्या चाली महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या. वझेबुवांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. पोहरे आणि हडप ही नावं शिष्य मोठा झाला म्हणून आपल्यापर्यंत आली. मालवणच्या बाजारपेठेतून जाताना यांची घरं कुठल्या आळीत असतील, असा विचार करणारे आमचे काही सभासद आहेत. त्यांना वेडे समजू नये.

आणि मग आचरेकर. आडनावातच आचरं आहे. तिथल्या रामेश्वराच्या देवळातला रामनवमीचा उत्सव आणि त्यातलं गाणं अनेकांनी अनुभवलेलं असेल. भार्गवराम आचरेकर गायक नट म्हणून गाजले. पण आमच्या मंडळाचं खरं दैवत तबलावादक वसंतराव आचरेकर. कुमार गंधर्वांच्या मैफलींत वर्षानुवर्षं तबल्यावर ते बसले. कुमारजी १९२४ चे, बेळगावाजवळच्या सुळेभावीचे. क्षयाच्या आजाराने देवासला जाऊन राहिलेले आणि त्यातून उठून वेगळंच गाणं गाऊ लागलेले. त्यांच्या गाण्याला साथ करणं सोपं नव्हतं. त्यांचा ख्याल कधी स्वरावर खूप वेळ थांबे, तर कधी एकदम उसळी घेई. तिथे तबलजीने आपली करामत दाखवायला घेतली तर गाणं मोडतं. वसंतरावांचा ठेका ऐका. सरळ, स्वच्छ, प्रत्येक अक्षराला आस. समेवर येताना धक्का नाही, सम गेल्यावर घाई नाही. कुमारजींच्या ज्या ध्वनिमुद्रिका आपण गाण्यासाठी ऐकतो, त्या एकदा फक्त ठेक्यासाठी ऐकाव्यात. मंडळाच्या श्रवणसभेत आम्ही तेच केलं होतं. पहिली पाच मिनिटं लोक चुळबुळले. मग कुणीतरी बोटांनी मांडीवर मात्रा धरल्या आणि हळूहळू सगळी सभाच मात्रा धरून बसली.

कुमारजींच्या मैफलींत पेटीवर दिसणारे गोविंदराव पटवर्धनही कोकणातलेच. म्हणजे माळव्यात राहणाऱ्या, कर्नाटकात जन्मलेल्या गवयाच्या डाव्या-उजव्या हाताला कोकण होतं.

कणकवलीच्या रसिकांनी आपल्या संस्थेला नाव दिलं ते ‘वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान’. जिल्ह्यात नाटकाच्या आणि गाण्याच्या क्षेत्रात या संस्थेएवढं सातत्याचं काम क्वचितच कुणी केलं असेल. नाट्यमहोत्सव, मैफली आणि वामन पंडितांच्या संपादनाखाली निघालेलं ‘रंगवाचा’ हे नियतकालिक. मुंबई-पुण्याच्या नाटकवाल्यांना कणकवलीला यावंसं वाटतं ते तिथल्या प्रेक्षकांसाठी. आमच्या मंडळाला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते नाव. एवढी मोठी संस्था, आणि तिला नाव साथीदाराचं. महाराष्ट्रात गायकांच्या नावाच्या संस्था, सभागृहं, पुरस्कार पुष्कळ आहेत. तबलजीच्या नावाची किती, ते मोजून पाहा. आपण फलकावर पखवाजवाल्याचं नाव मोठं केलं तेव्हा कणकवलीचं उदाहरण आपल्यासमोर होतं, हे इथे कृतज्ञतेने नोंदवतो.

दशावताराकडे मंडळ वळलं ते थोडं उशिरा, आणि तेही जत्रेच्या निमित्ताने. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, आजगावकर, चेंदवणकर, खानोलकर या कंपन्या आपापल्या मानाच्या गावी पेटारा घेऊन फिरतात. रात्री आडदशावतार, मग आख्यान, उजाडताना दहीकाला. नाटकाला लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं आणि नट रंगमंचावर उभा राहून भाषण रचतो. आता जिथे नटालाच पुढलं वाक्य ठाऊक नाही, तिथे वाजवणाऱ्याला काय ठाऊक असणार? पेटीवाला नटाच्या चेहऱ्याकडे बघत असतो. राजा पदाला हात घालणार हे त्याला श्वासावरून कळतं आणि सूर आधी हजर होतो. मृदंगवाला युद्धाच्या वेळी दोन योद्ध्यांच्या पायांकडे बघतो. तलवार कधी पडणार हे त्याच्या थापेवर ठरतं, की थाप तलवारीवर, हे पहाटे तीन वाजता कुणालाही सांगता येत नाही. चकीवाला या दोघांना बांधून ठेवतो. तिघे रंगमंचाच्या बाजूला बाकावर बसतात, रात्रभर उठत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी गावात चर्चा होते ती राजाची आणि स्त्रीपार्टीची.

ती व्हावीही. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे ‘लोकराजा’ सुधीर कलिंगण २०२२ साली गेले तेव्हा जिल्ह्यातल्या माणसांनी घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख केलं. ओमप्रकाश चव्हाणांची स्त्रीभूमिका बघायला बायका दोन-दोन गावं चालत जात. हे प्रेम खरं आहे आणि नटाच्या वाट्याला आलेलं प्रेम कमी करून वाजवणाऱ्याला द्यावं असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही. पण रसिकांनी वर्गणी काढून वेगवेगळ्या कंपन्यांतले आपले आवडते नट एका रात्रीसाठी एकत्र आणायचे, हा संयुक्त दशावताराचा प्रकार रूढ झाला, तेव्हा मंडळाने एक वेगळी अट घातली. नट निवडण्याआधी मृदंग, पेटी आणि चकी ठरवायची. त्यांच्याशी ज्यांचं जमतं ते नट मग बोलवायचे. पहिल्या प्रयोगाला आयोजकांतच हशा झाला. प्रयोग मात्र असा रंगला की सकाळी दहीकाल्याची हंडी फोडायला माणसं जागची उठेनात. आता दुसऱ्या गावांतलेही काही जण तसं करू लागले आहेत.

ट्रिकसीनबद्दल मंडळात दोन तट आहेत. धूर, रंगीत दिवे, आकाशातून उतरणारी देवी हे पोरांना आवडतं आणि पोरं येतात म्हणून जत्रा टिकते, असं एका तटाचं म्हणणं. दुसऱ्या तटाचं म्हणणं की धुराचं यंत्र सुरू झालं की त्याच्या घरघरीत मृदंग ऐकू येत नाही. मी दुसऱ्या तटातला आहे, हे वाचकांना एव्हाना कळलं असेलच.

खर्चाची कथा थोडक्यात आटोपतो, कारण ती सगळ्या मंडळांची सारखीच असते. पेट्रोमॅक्स गेल्या, हॅलोजन आले. ताडपत्र्या भाड्याने घेत होतो, त्या स्वतःच्या झाल्या. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि चाकरमानी जत्रेला एका रात्रीत येऊ लागले. पावतीपुस्तकं त्यानंतर जाड झाली. २०२० साली करोनाने जत्रा बंद पाडल्या. त्या काळात कलाकारांच्या घरी शिधा पोहोचवताना मंडळाने यादी केली, ती बुवांच्या नावाने नव्हती, साथीदारांच्या नावाने होती. त्यातल्या बऱ्याच जणांचं पोट एरवी सुतारकाम, गवंडीकाम, मासेमारी यांवर चालतं. हाताला दोन्हीकडून काम नव्हतं.

पखवाजाबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहिणं भाग आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाद्य सुरात ठेवणं हे रोजचं युद्ध आहे. खाऱ्या दमट हवेत पुडी सैलावते. संध्याकाळी सुरात लावलेला पखवाज मध्यरात्री उतरतो. बारी चालू असताना गट्ट्यांवर हातोडी मारायची, डाव्या अंगाला कणकेचा लेप कमी-जास्त करायचा आणि तेवढ्यात बुवांनी पट्टी बदलली तर पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं लोकांसमोर, टाळी न मिळता. मंडळाने पहिला स्वतःचा पखवाज घेतला तेव्हा तो ठेवायला लाकडी पेटी करून आत सुकं भात भरलं होतं. ही युक्ती त्याच गिरणीवाल्या म्हाताऱ्याची. ते आता नाहीत. पेटी आहे.

मंडळाच्या वार्षिक सत्काराची पद्धत सभासदांना माहीत आहे. तरी लिहितो, पुढल्यांना उपयोगी पडेल. आधी गाऱ्हाणं, मग शाल-श्रीफळ, मग सत्कारमूर्ती एकटा वाजवणार. बुवा नाही, गायक नाही. सुरुवातीला साथीदारच याला तयार नसत. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे वाजवलेल्या माणसाला एकदम पुढे बसवलं की हात आखडतो. एकाने तर खुर्चीवर बसायलाच नकार दिला आणि सगळा सत्कार खाली सतरंजीवर झाला. तीच प्रथा मग कायम झाली. आता व्यासपीठावर खुर्च्या नसतात. पाहुण्यांनाही नाही, आमदार आले तरी नाही.

संगीतकार वसंत देसाई यांच्यासाठी केलेला कार्यक्रम हा या सगळ्यात थोडा अपवादाचा, कारण ते काही मागच्या रांगेतले नव्हते. १९१२ साली कुडाळजवळच्या सोनवड्यात जन्मलेला हा माणूस व्ही. शांतारामांच्या चित्रपटांचा सूर झाला. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’. रंगभूमीलाही त्यांनी चाली दिल्या. १९७५ साली मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते अचानक गेले. शाळेतल्या मुलांना शेकड्यांनी एकत्र आणून एका सुरात गायला लावायचा त्यांना ध्यास होता. म्हणून आपण त्यांच्या स्मरणासाठी गायक बोलावले नाहीत. आजूबाजूच्या शाळांतली पोरं बोलावली. पोरांनी पट्टी सोडली, ताल सोडला, काहींनी चप्पल सोडली. पण ‘गुड्डी’तल्या आणि ‘दो आँखें’तल्या ज्या प्रार्थना देशभरच्या शाळांत रोज म्हटल्या जातात, त्यांची चाल आपल्या सोनवड्याच्या माणसाने बांधली, हे त्या पोरांना त्या दिवशी कळलं. शिक्षकांपैकीही बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

महिलांच्या डबलबाऱ्या सुरू झाल्या तेव्हा मंडळात अपेक्षेप्रमाणे कुरबुर झाली. बायकांनी रात्रभर माटवात बसायचं कसं, असा प्रश्न ज्यांनी काढला त्यांच्याच घरातल्या बायका जत्रेच्या रात्री दशावतार संपेपर्यंत कधी उठल्या नव्हत्या. प्रश्न तिथेच निकालात निघाला. आता बुवा म्हणून पेटीवर बसणाऱ्या मुली जिल्ह्यात आहेत. पखवाजावर बसणाऱ्याही आहेत. मंडळाच्या शिकवणीच्या वर्गात यंदा पखवाज शिकायला आलेल्यांत मुली जास्त आहेत. मुलगे पेटीकडे धावतात, कारण फोटो पेटीवाल्याचा छापतात, असं आमच्या शिक्षकांचं निरीक्षण आहे.

मंडळाने आजवर ज्यांचा सन्मान केला त्या पखवाज, मृदंग, चकी, तबला आणि पेटीवाल्या साथीदारांची गावांसह यादी या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर स्वतंत्र दिली आहे. तीत एकाही बुवांचं नाव नाही. ज्यांना हे खटकेल त्यांनी कार्यालयात यावं, चहा मिळेल.

एक विनंती करायची आहे. कॅसेटच्या काळातल्या डबलबाऱ्यांचं आणि देवळांत घरगुती टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेल्या दशावतारांचं ध्वनिमुद्रण अजून पुष्कळ घरांत माळ्यावर पडून आहे. त्या फिती दमट हवेत बुरसून एकमेकींना चिकटताहेत. आणखी चार-पाच पावसाळे त्या काढणार नाहीत. ज्यांच्याकडे अशा कॅसेट असतील त्यांनी त्या मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. आम्ही त्यांचं डिजिटल रूपांतर करून मूळ कॅसेट परत करू. देताना सोबत एका कागदावर सामना कुठल्या गावचा, साल अंदाजे कोणतं आणि पखवाजावर कोण, हे आठवेल तेवढं लिहावं. बुवा कोण ते लिहिलं नाही तरी चालेल, ते आवाजावरून ओळखू.